ॲल्युमिनियमसाठी बहुउद्देशीय संरक्षक लेप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲल्युमिनियम गंजत नाही असे सर्रास म्हटले जाते. मग त्याला लेप कशासाठी द्यायचा?

ॲल्युमिनियम हा मुळात अतिशय क्रियाशील धातू आहे. हवेशी संबंध येताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो आणि धातू टिकतो तो त्या पापुद्र्याच्या जोरावर. या पापुद्र्याची जाडी अवघी दोन ते चार नॅनोमीटर असते, पण तो धातूला घट्ट धरून असतो आणि चरा पडला तरी क्षणार्धात पुन्हा धरतो. त्यामुळे कोरड्या, स्वच्छ हवेत उघडे ॲल्युमिनियम वर्षानुवर्षे चांगले राहते. मात्र या पापुद्र्याला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, पाण्याचा सामू (पीएच) साधारणपणे ४ ते ८.५ यांच्या दरम्यान असेपर्यंतच तो स्थिर असतो. त्याहून आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी पाण्यात तो विरघळू लागतो. नव्या खिडकीवर ओल्या सिमेंटचे शिंतोडे उडाले की कायमचे डाग पडतात, त्याचे कारण हेच. दुसरी मर्यादा अधिक घातक आहे. पाण्याचा सामू अगदी मध्यम असला, तरी त्यात क्लोराइड असेल तर पापुद्रा एखाद्या कमकुवत जागी फुटतो आणि तेथून धातूला खड्डा पडू लागतो.

समुद्रकाठी नेमके काय बिघडते?

खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ पृष्ठभागावर नुसते पडून राहत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधे मीठ हवेतील पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते. समुद्री मिठात मिसळलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओले होते. मुंबई, कोकणपट्टी आणि गोवा येथील दमट हवेत, पावसाचा थेंबही नसताना, धातूवर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर दिवसाचे कित्येक तास टिकून असतो.

अशा थराखाली पापुद्रा फुटला की तेथील ॲल्युमिनियम विरघळते, त्याच्या आयनांची पाण्याशी क्रिया होऊन खड्ड्याच्या आत आम्ल तयार होते आणि विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी आणखी क्लोराइड आत खेचले जाते. खड्डा असा आपला आपणच खोल होत जातो. समुद्राजवळच्या घरातील सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक बारकाईने पाहिला तर हे सर्व एकाच ठिकाणी दिसते. पाणी बाहेर जाण्याच्या भोकांशी माती आणि मीठ साचलेले असते, कोपऱ्यात ४५ अंशांत कापलेल्या कडेला पांढरी भुकटी धरलेली असते आणि ती नखाने खरवडली की खाली टाचणीच्या टोकाएवढा काळपट खड्डा निघतो. वरून दिसणाऱ्या भुकटीवरून खड्डा किती खोल गेला आहे याचा अंदाज येत नाही, ही यातली खरी अडचण आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पावसाळ्यात ॲल्युमिनियम सर्वाधिक खराब होते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जोरदार पाऊस मीठ धुऊन नेतो. छज्ज्याखालचे, पावसाचे पाणी न लागणारे पण खारे वारे लागणारे भाग अनेकदा अधिक लवकर बिघडतात, कारण तेथे मीठ वर्षभर साचत राहते.

सर्व प्रकारचे ॲल्युमिनियम सारखेच खराब होते का?

नाही, आणि लेपाची निवड करताना हा फरक सर्वप्रथम विचारात घ्यावा लागतो. शुद्ध ॲल्युमिनियम बरेच सहनशील असते, पण ते मऊ असते. ताकदीसाठी त्यात इतर धातू मिसळले की त्याच्या अंतरंगात सूक्ष्म कण तयार होतात आणि या कणांचे विद्युत विभव भोवतालच्या धातूपेक्षा वेगळे असते. विमानबांधणीत वापरल्या जाणाऱ्या २०२४ क्रमांकाच्या मिश्रधातूत ३.८ ते ४.९ टक्के तांबे असते. त्यातील तांबे-मॅग्नेशियमयुक्त कणांतून आधी मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम निघून जाते, मागे तांब्याचा सच्छिद्र अवशेष उरतो आणि मग तोच ऋणाग्र (कॅथोड) बनून आजूबाजूच्या धातूला खाऊ लागतो. ज्या मिश्रणामुळे ताकद वाढली, त्याच मिश्रणाने रोगाचे बीजही पेरलेले असते.

याउलट, खिडक्यांच्या सेक्शनसाठी (चौकटीच्या घडीव पट्ट्यांसाठी) वापरला जाणारा ६०६३ किंवा जहाजबांधणीतील ५०८३ हे मिश्रधातू जवळजवळ तांबेविरहित असल्यामुळे खाऱ्या हवेत बरेच बरे टिकतात. म्हणून ६०६३ वर यशस्वी ठरलेला लेप २०२४ वरही चालेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

लेप ‘बहुउद्देशीय’ केव्हा म्हणायचा?

एकच लेप किंवा एकमेकांना पूरक अशा थरांची एक प्रणाली जेव्हा दोन किंवा अधिक वेगळी कामे करते, तेव्हा तिला बहुउद्देशीय म्हणतात. पाणी आणि क्लोराइड यांना अडवणे, चरा पडल्यावर त्या जागी क्षरणरोधक, म्हणजे धातूची झीज रोखणारे, रसायन पोहोचवणे, वरच्या रंगाला पकड देणे, घर्षण सोसणे, बर्फ किंवा मळ चिकटू न देणे, वीज वाहू देणे किंवा अडवणे, उष्णता बाहेर टाकणे आणि क्षरण सुरू झाल्याची खूण दाखवणे, अशी ही कामे असू शकतात.

या यादीतील दुसऱ्या कामाला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो. कोणताही लेप अखंड असेपर्यंत चांगलाच दिसतो. प्रत्यक्ष वापरात स्क्रू बसवताना, शिडी टेकवताना, रिव्हेट ठोकताना त्याला चरा पडणारच. त्या चऱ्यात उघड्या पडलेल्या धातूसाठी लेप काय करतो, यावर त्याची खरी किंमत ठरते. केवळ भिंतीसारखा उभा राहणारा लेप तेथे निरुपयोगी असतो, कारण ती भिंत त्या जागी उरलेलीच नसते.

क्रोमेट इतकी वर्षे का वापरले गेले आणि आता ते का सोडायचे?

षट्संयुजी, म्हणजे सहा संयुजा असलेल्या, क्रोमियमवर आधारित क्रोमेटिंग हा वस्तुतः पहिला बहुउद्देशीय लेप होता, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. ॲल्युमिनियमचा भाग क्रोमेटच्या द्रावात थोडी मिनिटे बुडवला की त्यावर सोनेरी-पिवळट रंगाचा जेलीसारखा ओलसर थर बसतो आणि तो वाळून घट्ट होतो. त्याच्यावर रंगाची पकड उत्तम बसते. थर पातळ ठेवला तर त्यातून वीज पुरेशी वाहते, म्हणून इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या पेट्यांनाही तो चालतो. चरा पडल्यावर थरात राखीव राहिलेले विद्राव्य क्रोमेट ओलाव्याबरोबर चऱ्यापर्यंत पोहोचते, क्षरण सुरू असलेल्या जागी त्याचे न विरघळणाऱ्या त्रिसंयुजी क्रोमियमच्या हायड्रॉक्साइडमध्ये रूपांतर होते आणि तांबेयुक्त कणांवर होणारी ऑक्सिजनची क्रिया त्यामुळे दबून जाते. हे सर्व स्वस्तात, साध्या टाकीत आणि साधारण तापमानाला होते. या थराला सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वर तापवू नये एवढेच पथ्य असते, कारण त्यातील पाणी निघून गेले की त्याला भेगा पडतात आणि त्यातले क्रोमेट जागच्या जागी अडकते.

परंतु षट्संयुजी क्रोमियम मानवामध्ये कर्करोग निर्माण करते हे निर्विवाद आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत केली आहे. टाकीवरून उठणारे तुषार आणि प्रायमर घासताना उडणारी धूळ श्वासावाटे आत गेल्याने फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. नाकाच्या पडद्याला भोक पडणे आणि त्वचेवर खोल व्रण होणे हे क्रोमेटच्या टाक्यांवर काम करणाऱ्यांमध्ये फार पूर्वीपासून नोंदलेले विकार आहेत. तमिळनाडूतील राणीपेट येथे क्रोमियमयुक्त कचऱ्याने भूजल दूषित झाले, त्याचा त्रास कारखाना बंद झाल्यानंतरही संपलेला नाही. अमेरिकेने २००६ मध्ये कामाच्या जागेतील हवेसाठी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम अशी कडक मर्यादा घातली. युरोपीय संघात क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या वापरासाठी २१ सप्टेंबर २०१७ नंतर विशेष परवानगी आवश्यक झाली.

आमचे मत स्पष्ट आहे. विमानाचा एखादा अतिमहत्त्वाचा भाग वगळता, इमारतींच्या सेक्शनसाठी किंवा पंख्याच्या पात्यांसाठी आज षट्संयुजी क्रोमियम वापरण्याचे काहीही समर्थन उरलेले नाही. टाकीशी उभ्या असलेल्या कामगाराच्या फुप्फुसाची किंमत देऊन आपली खिडकी चमकवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग क्रोमेटची जागा कशाने घेतली?

एका पदार्थाने घेतली नाही, आणि म्हणूनच हा विषय इतका गुंतागुंतीचा झाला आहे. क्रोमेट एकटे जी कामे करत होते, ती आता निरनिराळ्या थरांत वाटून द्यावी लागतात.

इमारतींच्या सेक्शनसाठी आणि वाहनांच्या पत्र्यासाठी झिर्कोनियम व टायटॅनियम यांच्या फ्लोराइड संयुगांवर आधारित पूर्वप्रक्रिया, म्हणजे रंगाआधीची रासायनिक प्रक्रिया, आता रुळलेली आहे. तिचा थर शंभर नॅनोमीटरहूनही पातळ असतो आणि तो बहुधा रंगहीन असतो. पकड देण्याचे काम तो चोख करतो. चरा सांभाळण्याचे काम मात्र फारसे करत नाही. थर डोळ्यांना दिसत नसल्याने तो बसला की नाही हे पाहून सांगता येत नाही. म्हणून टाकीतील द्रावाचे आणि धुण्याच्या पाण्याचे नियमित परीक्षण करणे येथे अनिवार्य ठरते.

अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी विकसित केलेली त्रिसंयुजी क्रोमियमची प्रक्रिया ही विमान क्षेत्रातील सर्वांत प्रस्थापित पर्यायांपैकी एक आहे. तिच्यात त्रिसंयुजी क्रोमियमबरोबर झिर्कोनियमचे फ्लोराइड असते. अनोडायझिंगच्या (विजेच्या साह्याने जाड ऑक्साइड वाढवण्याच्या प्रक्रियेच्या) सीलिंगसाठीही, म्हणजे त्या थरातील छिद्रे बंद करण्यासाठीही, ती वापरता येते. तांबेयुक्त मिश्रधातूवर ऑक्सिजनच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन थरात अत्यल्प प्रमाणात षट्संयुजी क्रोमियम निर्माण होऊ शकते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तथापि टाकीतच विष असण्यापेक्षा ही स्थिती कितीतरी अधिक सुरक्षित आहे.

सेरियमच्या क्षारांचा मार्ग ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९८० च्या दशकात पुढे आणला. ऋणाग्राशी ऑक्सिजनच्या क्रियेमुळे पाणी अल्कधर्मी होते आणि नेमके तेथेच सेरियमचे हायड्रॉक्साइड साका होऊन बसते. याचा अर्थ असा की, औषध जेथे रोग आहे तेथेच उतरते. सोल-जेल पद्धतीत सिलिकॉन आणि झिर्कोनियमची सेंद्रिय संयुगे धातूच्या ऑक्साइडशी रासायनिक बंधाने जोडली जातात आणि त्यामुळे रंगाला अत्यंत मजबूत पकड मिळते. बोइंगने विमानांच्या रंगकामासाठी या पद्धतीचा विकास केला. हा थर जाड करू गेल्यास मात्र वाळताना तडकतो.

प्रायमरमध्ये दोन प्रवाह विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. पहिला मॅग्नेशियमयुक्त प्रायमरचा आहे. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठात आकाराला आलेल्या या प्रायमरमध्ये मॅग्नेशियमचे कण स्वतः झिजून ॲल्युमिनियमला वाचवतात; लोखंडाला जस्त जसे वाचवते, तेच तत्त्व येथे लागू होते. दुसरा प्रवाह लिथियमच्या क्षारांचा आहे. चरा पडल्यावर प्रायमरमधील लिथियम कार्बोनेट ओलाव्यात उतरते, चऱ्यातील द्राव किंचित अल्कधर्मी करते आणि उघड्या धातूवर नवा, घट्ट, थरदार ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचा पडदा उगवतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी या प्रक्रियेचा टप्प्याटप्प्याने मागोवा घेतला आहे. चऱ्याची खरोखर काळजी घेणारा, क्रोमेटविरहित आणि कारखान्यात वापरता येण्याजोगा पर्याय म्हणून आम्हाला हा मार्ग सर्वांत आश्वासक वाटतो.

‘स्वतःहून बरा होणारा’ लेप ही जाहिरात आहे की विज्ञान?

विज्ञान आहे, परंतु त्याची मर्यादा समजून घ्यावी लागते. क्षरणरोधक रसायन थेट रंगात मिसळले तर ते रंगाच्या राळेशी (रेझिनशी) क्रिया करून वाया जाऊ शकते किंवा पहिल्या काही पावसांतच निथळून जाते. म्हणून ते सूक्ष्म भांडारात बंद करून ठेवण्याची कल्पना पुढे आली. हॅलॉइसाइट नावाच्या मातीच्या नैसर्गिक नॅनोनलिका, सच्छिद्र सिलिकाचे कण, तेल भरलेल्या सूक्ष्म कुप्या असे अनेक प्रकार तपासले गेले आहेत.

यातील थरदार दुहेरी हायड्रॉक्साइडचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. हे कण पत्त्यांच्या गड्डीसारखे एकावर एक थर रचून बनलेले असतात. थरांवर धनभार असतो आणि तो भरून काढण्यासाठी थरांच्या मधल्या जागेत ऋणभारित आयन बसवलेले असतात. तेथे आपल्याला हवे ते क्षरणरोधक, उदाहरणार्थ व्हॅनेडेट किंवा मर्कॅप्टोबेंझोथायझोल, आधीच भरून ठेवता येते. बाहेरून क्लोराइड आले की ते थरांमध्ये शिरते आणि त्याच्या बदल्यात क्षरणरोधक बाहेर पडते. शत्रूला कैद करणे आणि रक्षक पाठवणे ही दोन्ही कामे एकाच अदलाबदलीत होतात आणि ती क्लोराइड आल्यावरच होतात. पोर्तुगालमधील अव्हेरो विद्यापीठात या कणांवर मोठे काम झाले आहे. असे थर ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर थेट उगवताही येतात.

क्षरणाच्या जागी सामू बदलतो, याचा उपयोग सूचना देण्यासाठीही करतात. फिनॉल्फ्थॅलिन भरलेल्या कुप्या लेपात असतील तर ऋणाग्राजवळ अल्कधर्मी झालेला भाग गुलाबी होतो आणि डोळ्यांना खड्डा दिसण्याआधी धोक्याची जागा कळते.

मर्यादा अशी की, भांडारातील साठा संपणारा असतो. चरा केसाएवढा असेल तर तो सांभाळला जाईल. चावीने ओढलेली रुंद रेघ सांभाळली जाईलच असे नाही. त्याच जागी दुसऱ्यांदा इजा झाली तर तेथे काहीही शिल्लक नसण्याची शक्यता असते. ‘आयुष्यभर स्वतः दुरुस्त होणारा’ असा दावा जो विक्रेता करतो, त्याच्याकडे चरा पाडून घेतलेल्या चाचणीचा अहवाल मागावा.

अनोडायझिंग केल्यावर आणखी लेपाची गरज उरते का?

ते वापरावर अवलंबून आहे. अनोडायझिंगमध्ये ॲल्युमिनियमला धनाग्र करून, बहुधा १५ ते २० टक्के गंधकाम्लात, २० अंशांच्या आसपास वीज सोडतात आणि नैसर्गिक पापुद्र्याच्या हजारो पट जाड ऑक्साइड वाढवतात. हा थर धातूतूनच उगवलेला असल्यामुळे तो सोलून निघत नाही. मात्र त्यात असंख्य उभी, नॅनोमीटर मापाची छिद्रे असतात. ती बंद करण्यासाठी सीलिंग करावे लागते. उकळत्या पाण्याच्या जवळच्या तापमानाला, एका मायक्रॉनसाठी सुमारे दोन ते तीन मिनिटे या हिशेबाने भाग बुडवून ठेवला की ऑक्साइड पाणी घेऊन फुगते आणि छिद्रांची तोंडे मिटतात. वीज आणि वेळ वाचवण्यासाठी सीलिंग उरकून टाकण्याची प्रवृत्ती दिसते. २५ मायक्रॉनचा अर्धवट सील केलेला थर समुद्रकाठी १५ मायक्रॉनच्या नीट सील केलेल्या थरापुढे टिकणार नाही, हे ग्राहकाने लक्षात ठेवावे.

हीच छिद्रे बहुउद्देशीय लेपासाठी वरदानही ठरतात, कारण सील करण्यापूर्वी त्यांत रंगद्रव्य, क्षरणरोधक किंवा वंगण भरता येते. शून्य ते पाच अंशांच्या थंड द्रावात केलेले हार्ड अनोडायझिंग घर्षणासाठी वापरतात. विमानांच्या भागांत मात्र जाड ऑक्साइडमुळे धातूची थकवा सोसण्याची क्षमता घटते, म्हणून तेथे टार्टारिक-गंधकाम्लाच्या द्रावातील पातळ थर पसंत केला जातो आणि त्यावर प्रायमर देतात.

पावडर कोटिंगच्या खाली धाग्यांसारख्या रेषा का पसरतात?

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत भाजलेला लेप. त्याखालच्या या रेषा हा तंतुरूप क्षरणाचा प्रकार आहे. कापलेल्या कडेतून किंवा स्क्रूच्या भोकातून क्लोराइड आणि ओलावा लेपाखाली शिरतो आणि अळीच्या वाटेसारखी रेघ पुढे सरकत जाते. रेघेच्या टोकाशी आम्लधर्मी द्राव असतो, मागे कोरडी पांढरी भुकटी राहते आणि वरचा रंग उचलला जातो. येथे दोष पावडरचा असल्याचे मानले जाते, पण बहुतेक वेळा तो त्याखालच्या पूर्वप्रक्रियेचा असतो. सेक्शन ओढताना किंवा पत्रा लाटताना वरच्या कातडीत अतिशय बारीक, अधिक क्रियाशील असा बिघडलेला थर तयार होतो. तो एचिंगने (रसायनात वरचा धातू थोडा विरघळवून) काढून टाकला नाही तर वरचा महागडा लेपही तग धरत नाही. क्वालिकोट या युरोपीय मानांकनात नेहमीच्या कामासाठी चौरस मीटरमागे किमान १ ग्रॅम आणि समुद्रकिनाऱ्याच्या वर्गासाठी किमान २ ग्रॅम धातू एचिंगमध्ये निघावा अशी अट आहे, ती याच अनुभवातून आली आहे. समुद्रकाठच्या कामासाठी पूर्वप्रक्रिया म्हणून पातळ अनोडायझिंग करून मग पावडर देणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

कमळाच्या पानासारखा पाणी न धरणारा लेप वापरावा का?

ज्या पृष्ठभागावर पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन १५० अंशांहून अधिक असतो आणि थेंब किंचित कलानेच घरंगळतो, त्याला अतिजलरोधी म्हणतात. सूक्ष्म खडबडीत रचनेत हवा अडकून राहते आणि पाण्याचा धातूशी संपर्कच घटतो. मळ धुऊन जाणे, बर्फ उशिरा धरणे आणि क्षरण कमी होणे असे तिन्ही लाभ मिळतात. परंतु ही खडबडीत रचना हाताने पुसली तरी झिजू शकते, सतत पाण्याखाली राहिल्यास अडकलेली हवा हळूहळू विरघळते आणि रचनेच्या आतच दव धरले तर तिचा गुण जातो. शिवाय यातील अनेक लेप दीर्घकाळ न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त संयुगांवर आधारलेले आहेत. तूर्तास हात न लागणाऱ्या, छोट्या भागांपुरता याचा विचार करावा.

वातानुकूलन यंत्राच्या निळ्या पात्यांचा लेप हा याच प्रकारचा असतो का?

नाही, तो नेमका उलट प्रकारचा असतो. घरातील युनिटच्या पात्यांवर दव धरते आणि पाती एकमेकांपासून एक-दोन मिलिमीटर अंतरावरच असतात. थेंब गोल राहिले तर दोन पात्यांमध्ये पाण्याचा पूल तयार होऊन हवेचा मार्ग अडतो. म्हणून वरचा थर जलस्नेही ठेवतात, जेणेकरून पाणी सपाट पसरून खाली वाहून जाईल, आणि त्याखाली क्षरण रोखण्यासाठी राळेचा थर असतो. गच्चीवरील किंवा भिंतीबाहेरील युनिटमध्ये थंडाव्याच्या काळात दव धरत नाही. तेथे खाऱ्या हवेला अडवणारा जाडसर राळेचा लेप महत्त्वाचा असतो. तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमची पाती बसवलेली असतील तर दोन धातूंच्या संपर्कामुळे नळीलगतची पाती आधी भुगा होतात. निळा रंग हा संरक्षणाचा पुरावा नाही. थरांची रचना आणि जाडी विचारावी.

ग्राफीनयुक्त लेप सर्वोत्तम असतात का?

ग्राफीनची पातळ पाने पाणी आणि ऑक्सिजन यांचा मार्ग लांबवतात हे खरे आहे. पण ग्राफीन विजेचे वाहक आहे आणि ॲल्युमिनियमच्या संपर्कात ते ऋणाग्राचे काम करते. पाने राळेत नीट वेगळी झाली नसतील किंवा धातूला थेट टेकली असतील, तर चऱ्यात क्षरण मंदावण्याऐवजी वाढू शकते. केवळ नाव पाहून अधिक पैसे मोजू नयेत.

मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीतील हजार तास म्हणजे किती वर्षे?

असे कोणतेही खात्रीचे गुणोत्तर नाही. या चाचणीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा ३५ अंशांवर अखंड चालतो. प्रत्यक्षात धातू ओला होतो, वाळतो, उन्हात तापतो, अतिनील किरणांनी रंग ठिसूळ होतो आणि धुराड्यांचा सल्फर डायऑक्साइड त्यावर बसतो. एकाच कारखान्यातील दोन खेपांची तुलना करण्यासाठी ही चाचणी उपयुक्त आहे. आयुर्मान सांगण्यासाठी नाही. ओले-कोरडे चक्र असलेली चाचणी, तंतुरूप क्षरणाची स्वतंत्र चाचणी आणि विद्युत प्रतिबाधेचे (लेप विजेला किती अडवतो याचे) मापन यांची जोड दिली तर चित्र स्पष्ट होते. प्रतिबाधेच्या मापनात कमी वारंवारितेला मिळणारा आकडा चौरस सेंटिमीटरच्या हिशेबात अब्ज ओहमच्या वर असेल तर लेप उत्तम अडथळा आहे असे मानतात. तो दहा लाख ओहमच्या खाली घसरला तर लेप वरून चांगला दिसत असला तरी आतून पाणी शिरले आहे असे समजावे.

स्टेनलेस स्क्रू वापरल्यास ॲल्युमिनियम खराब होते का?

खाऱ्या ओलाव्यात होऊ शकते, कारण स्टेनलेस पोलाद ऋणाग्र बनते. नायलॉनचे वॉशर आणि सांध्यात सीलंट वापरून दोन धातू विलग ठेवावेत. केवळ ॲल्युमिनियम रंगवून स्टेनलेस उघडे ठेवणे ही सर्वांत वाईट रचना होय. कारण तसे केल्यास रंगातील एखाद्या बारीक चऱ्यावर संपूर्ण उघड्या स्टेनलेस पृष्ठभागाचा विद्युतप्रवाह एकवटतो आणि तेथे भराभर खड्डा पडतो. रंगवायचे असेल तर दोन्ही रंगवावे, आणि एकच रंगवणे शक्य असेल तर स्टेनलेस रंगवावे. ॲल्युमिनियमच्या होडीच्या तळाला शेवाळ-कालवे धरू नयेत म्हणून तांब्याच्या ऑक्साइडचा रंग लावणे याच कारणाने टाळावे.

सांधे किती महत्त्वाचे आहेत याची आठवण २८ एप्रिल १९८८ रोजीचा हवाई बेटांवरील विमान अपघात करून देतो. अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाची ८९,६८० उड्डाण-चक्रे (एक उड्डाण आणि एक उतरणे मिळून एक चक्र) झालेली होती. एकावर एक चढवलेल्या पत्र्यांचे चिकटवलेले सांधे सुटले, त्यात क्षरण झाले, रिव्हेटच्या भोकांपासून थकव्याच्या भेगा जोडल्या गेल्या आणि उड्डाणात छताचा मोठा भाग उडून गेला. एका हवाई परिचारिकेचा मृत्यू झाला. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत लेप नंतर पोहोचवता येत नाही. तो जोडणीपूर्वीच द्यावा लागतो.

भारतात या विषयावर काम होते का?

होते. तमिळनाडूतील कारैकुडी येथील केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था, बंगळूरुची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा आणि मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था येथे क्षरण आणि लेप या विषयांवर संशोधन चालते. नौदलासाठी लागणाऱ्या साहित्याचे काम करणारी संरक्षण संशोधन संघटनेची प्रयोगशाळा अंबरनाथला आहे. अनोडायझिंगच्या थरासाठी भारतीय मानक आयएस १८६८ उपलब्ध आहे आणि कामाच्या करारात त्याचा उल्लेख करता येतो.

जॉबवर्कला माल देताना काय लिहून घ्यावे?

मिश्रधातूचा क्रमांक, पूर्वप्रक्रियेचे नाव, एचिंगमध्ये निघणारा धातू, लेपाची किमान जाडी मायक्रॉनमध्ये आणि ती किती ठिकाणी मोजणार, हे लेखी असावे. पावडर किती तापमानाला, किती वेळ भाजली याची नोंद मागावी. भट्टीतील हवेचे तापमान नव्हे, तर धातूचे तापमान विचारावे. छिद्रे पाडणे आणि कापणे शक्यतो लेपापूर्वी उरकावे. नंतर कापावे लागलेच तर उघड्या कडा सीलंटने बंद करण्याची जबाबदारी फॅब्रिकेटरची की ठेकेदाराची, हे आधीच ठरवावे, कारण नेमकी हीच जागा दोघांच्या मध्ये सुटते आणि तेथूनच बिघाड सुरू होतो.

लेप दिल्यानंतर देखभाल कशी करावी?

समुद्राजवळ दर एक-दोन महिन्यांनी आणि आतल्या शहरांत वर्षातून दोनदा गोड्या पाण्याने व सौम्य, मध्यम सामूच्या साबणाने मऊ कापड वापरून धुवावे. छज्ज्याखालचे भाग आणि खिडकीच्या ट्रॅकमधील पाण्याची भोके यांकडे विशेष लक्ष द्यावे. फरशी धुण्याचे आम्ल, कॉस्टिक सोडा, विरंजक आणि तारेची घासणी कधीही वापरू नये. बांधकाम चालू असेल तर चौकटीवरील संरक्षक पट्टी गिलावा संपेपर्यंत ठेवावी, पण उन्हात महिनोन्महिने ठेवू नये, कारण मग तिचा गोंद लेपावर राहतो. चऱ्यात पांढरी भुकटी दिसली तर ती ओल्या कापडाने पुसून, जागा पूर्ण कोरडी करून, त्याच लेप-प्रणालीला जुळणारा दुरुस्तीचा प्रायमर आणि रंग लावावा. भुकटीवरूनच रंग मारला तर आतले मीठ तसेच राहते आणि पुढच्या पावसाळ्याआधी तो रंग फुगून वर येतो.